दोन एमबीच्या आत

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्यांना सगळे रेघाताई म्हणायचे. नव्याने आलेल्यांना वाटायचं, बाईंचं नाव रेखा असणार आणि कुणाची तरी जीभ जड असणार. तसं काही नव्हतं. नाव अगदीच वेगळं होतं, पण ते बँकेला आणि सासरच्या माणसांनाच ठाऊक. बाकी साऱ्या खात्यासाठी त्या रेघाताई, कारण गेली एकतीस वर्षं त्यांनी रेघाच ओढल्या होत्या.

रस्त्यांच्या पोटातून पाण्याचे पाइप जातात. कुठला पाइप कुठे वळतो, किती जाडीचा आहे, कुठल्या कोपऱ्यावर व्हॉल्व्ह आहे आणि त्याचा नंबर काय, हे सगळं ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने उतरवायचं, हे त्यांचं काम. कागदावर आधी पावडर चोळायची, फडक्याने पुसायची, म्हणजे शाई फुटत नाही. मग श्वास रोखून रेघ. चुकली तर ब्लेडने अलगद खरवडायची, आणि खरवडलेली जागा नखाने घोटून पुन्हा गुळगुळीत करायची. आकडे स्टेन्सिलने. असे दोनशे बारा नकाशे त्यांच्या हातचे होते आणि पत्र्याच्या नळ्यांमध्ये गुंडाळून त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटात उभे होते. "माझी रेघ भिंगाखाली धरून बघा," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. कुणी कधी धरली नाही, हा भाग वेगळा.

स्वतःवर हसायला त्यांना आवडायचं. आपलं वजन, आपलं गाणं, आपण भाजलेल्या पावाचा होणारा कोळसा, यांवर त्या इतरांच्या आधी हसून मोकळ्या व्हायच्या. पण त्या हसण्याला एक कुंपण होतं, आणि कुंपणाच्या आत दोनशे बारा नकाशे होते. तिथे त्या एकदम गंभीर. गल्लीबोळांतून व्हॉल्व्ह उघडणारे-मिटणारे लोक फोन करून विचारायचे, ताई, अमका नंबर कुठे? त्या कपाटाकडे वळूनही बघायच्या नाहीत. डोळे मिटून सांगायच्या, दवाखान्याच्या फाटकापासून चार मीटर, खांबाच्या डाव्या हाताला. फोन ठेवला की शेजारच्या टेबलाकडे एक नजर टाकायच्या. शेजारच्या टेबलावरचा कारकून कौतुकाने मान डोलवायचा. तेवढं केलं की पुढचा तासभर त्या शांत बसतात, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

घरी नवरा, शाळेतून निवृत्त झालेला ड्रिल मास्तर. आयुष्यभर 'सावधान' आणि 'विश्राम' या दोन शब्दांवर काम भागवलेला माणूस. त्याचं बोलणं जात्याच आखूड. रेघाताईंचं बोलणं मात्र मूळ आकारातलं. दिवसाची हकीकत सांगायला त्यांनी सुरुवात केली की स्वयंपाक, जेवण आणि भांडी उरकेपर्यंत त्या जेमतेम दुपारच्या चहापर्यंत पोचलेल्या असायच्या.

अशात कार्यालयात नव्या इंजिनिअर मॅडम आल्या. वय तिशीच्या जरा पुढे, चालणं झपाझप, आणि बोलताना एक कान कायम फोनला. त्यांनी ठरवलं की सगळे नकाशे स्कॅन करून खात्याच्या संकेतस्थळावर चढवायचे, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला ते मोबाइलवर दिसतील आणि भर कामात फोन करत बसायला नको. फक्त एक अट होती. एक नकाशा, एक फाइल, आणि प्रत्येक फाइल दोन एमबीच्या आत. त्याहून जड फाइल संकेतस्थळ घेतच नव्हतं.

हे काम रेघाताईंकडे येणार, यात कुणाला शंका नव्हती. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांना वाटलं, आयुष्यभर नळ्यांत कोंडून पडलेलं आपलं काम आता जग बघणार. खात्याने दाराएवढ्या रुंदीचा स्कॅनर आणला होता. रेघाताईंनी पहिला नकाशा त्यात घातला आणि यंत्राला जेवढं चांगलं जमतं तेवढं चांगलं स्कॅन करायला सांगितलं. सगळे आकडे शेवटच्या टोकाला. रंग पूर्ण. पडद्यावर जे उमटलं ते बघून त्यांचे डोळे भरून आले. कागदाचा पिवळेपणा दिसत होता, घड्या दिसत होत्या, अगदी कागदाचा पोत दिसत होता. फाइल झाली साठ एमबीची.

त्यांनी ती संकेतस्थळावर चढवून पाहिली. संकेतस्थळाने लाल अक्षरांत नकार दिला.

इंजिनिअर मॅडम फोनवर बोलत टेबलाजवळून चालल्या होत्या. रेघाताईंनी अडचण सांगितली. मॅडमनी फोनवर क्षणभर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, रंगीत कशाला? काळं-पांढरं स्कॅन करा, आपोआप हलकं होईल." आणि पुढे गेल्या.

एवढंच वाक्य होतं. त्यात काम संपलं होतं. पण रेघाताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काळं-पांढरं म्हणजे झेरॉक्स. एकतीस वर्षं जिवापाड जपलेल्या नकाशांची झेरॉक्स काढा म्हणे. हे सगळं त्यांनी मॅडमना सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं, भांडी उरकून झाल्यावरही पाऊण तास. मास्तर शेवटी म्हणाले, "मग काढ की झेरॉक्स." त्यांना वाढलेलं दही त्या दिवशी जरा कमीच होतं.

दुसऱ्या दिवशी रेघाताईंनी स्वतःच उपाय शोधला. स्कॅनरबरोबर आलेल्या प्रोग्रॅममध्ये फाइल लहान करायची सोय होती. पडद्यावर एक आडवी पट्टी, तिच्या डोक्यावर 'गुणवत्ता' असा शब्द, उजव्या टोकाला शंभर आणि डाव्या टोकाला शून्य. पट्टी डावीकडे सरकवली की फाइलचा आकार उतरायचा. त्यांनी शंभरवरून ऐंशीवर आणली. साठाचे वीस एमबी झाले. पन्नासवर आणली, अकरा. त्या सरकवत गेल्या. भाजीवाल्याशी घासाघीस करताना वाटतं तसं काहीतरी सुख त्यात होतं. नवावर आल्यावर आकडा दिसला, एक पूर्णांक नऊ. संकेतस्थळाने फाइल मुकाट्याने गिळली आणि हिरवी खूण दाखवली.

गुणवत्ता शंभरातली नऊ उरली, याचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी तो बाहेर उभा ठेवला.

त्यांनी तपासलं नाही, असंही म्हणता येणार नाही. चढवलेला प्रत्येक नकाशा त्यांनी उघडून पाहिला. अख्खा नकाशा पडद्यावर मावेल असा, जरा मागे रेलून, चित्राकडे बघावं तसा. नकाशा अगदी मूळ नकाशासारखाच दिसायचा. पिवळेपणा तोच, घड्या त्याच. आणि आकडे? आकड्यांपाशी नजर गेली की शहात्तर, ऐंशी, त्र्याऐंशी असे सगळे त्यांना धडाधड वाचता यायचे. खरं म्हणजे त्या वाचत नव्हत्याच. त्यांना ते पाठ होते. पाढे पाठ असलेल्या माणसाने फळा पुसट आहे का ते सांगावं, तसा तो सगळा प्रकार होता.

चाळीस दिवसांत दोनशे बारा नकाशे चढले. मॅडमनी एक उघडून पाहिला आणि छान झालाय म्हणाल्या. आता फोन करायचा नाही, मोबाइलवर बघायचं, असा हुकूम त्यांनी काढला आणि फोन यायचे थांबले. त्याची रेघाताईंना थोडी चुटपुट लागली, पण आता कार्यक्रम ठरला होता. खात्याचे प्रमुख येऊन नकाशांच्या सेवेचं उद्घाटन करणार, फोटो निघणार, आणि नकाशे ज्यांच्या हातचे त्या बाईंना पुढे उभं करणार. रेघाताईंनी आरशात पाहिलं. मुळापाशी बोटभर पांढरे झालेले केस घेऊन पुढे उभं राहणं बरं दिसलं नसतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नणंदेचं पार्लर गाठलं.

नणंद त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, हात हलका आणि तोंड त्याहून हलकं. दोघींचं चांगलं होतं, म्हणजे वर्षातून तीनदाच वाजायचं. पार्लर तळमजल्यावर, एका खोलीचं. चार खुर्च्या, चार आरसे, मागे एक बेसिन आणि थेट रस्त्याच्या पाइपावरून आलेला नळ. टाकी नव्हती. त्या दुपारी चारही खुर्च्या भरलेल्या होत्या आणि चारही डोक्यांना काळा रंग फासलेला होता. रेघाताई दुसऱ्या खुर्चीत. उद्याचा कार्यक्रम, दोनशे बारा नकाशे, साठ एमबीचे दोन एमबी कसे केले, हे सगळं त्यांनी बाकीच्या तिघींना सविस्तर ऐकवलं होतं. तिघींना पळून जायला जागा नव्हती.

पहिल्या खुर्चीतल्या बाईंचं डोकं धुवायला नणंदेने नळ उघडला. नळाने घसा खाकरला, एक गुळणी टाकली आणि गप्प झाला. नळाचं पाणी गेलं आणि पाठोपाठ नणंदेच्या तोंडचंही.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या खात्याला विचारा जरा."

तिघी रेघाताईंकडे बघू लागल्या. रेघाताईंना खरं तर ते आवडलं. त्यांनी सावकाश फोन काढला, चावीमामांचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. चावीमामा म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारा खात्यातला सगळ्यात जुना माणूस. खांद्यावर कायम कमरेएवढी लोखंडी चावी, म्हणून चावीमामा. वीस वर्षं शहराच्या दुसऱ्या टोकाला काम केल्यावर महिन्यापूर्वीच त्यांची या भागात बदली झाली होती.

चावीमामा म्हणाले की बेकरीसमोर पाइप फुटलाय, रस्त्यावर पाणीच पाणी आहे, म्हणून शहाऐंशी नंबरचा व्हॉल्व्ह बंद केला. पण पाणी काही थांबत नाही.

रेघाताईंनी डोळे मिटले. "मामा, शहाऐंशीने बेकरीचं पाणी बंद होतं. माझ्या नणंदेचं होत नाही. ही गल्ली अठ्ठ्याऐंशीवर आहे. तुम्ही अठ्ठ्याऐंशी फिरवलाय."

"नकाशा बघूनच फिरवला, ताई."

"नकाशा बरोबर आहे. वाचायला चष्मा लावा."

तिसऱ्या खुर्चीतल्या बाई हसल्या. रेघाताईंनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि भुवया जराशा उंचावल्या. थोड्या वेळाने फोनवर एक चित्र आलं. चावीमामांच्या मोबाइलवर दिसत होता तसा नकाशाचा तुकडा, आणि बोटाने काढलेला एक वेडावाकडा गोल.

रेघाताईंनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. गोलाच्या आत मुंगी चिरडल्यासारखा एक ठिपका होता. शेजारी दुसरी मुंगी, पलीकडे तिसरी. त्र्याऐंशी, शहाऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी, तिन्ही अठ्ठ्याऐंशी वाटत होते, किंवा तिन्ही काहीच वाटत नव्हते. स्टेन्सिलवरचे आकडे इंग्रजी, त्यातल्या सहाची शेपूट फुगून मिटली होती आणि त्याचा आठ झाला होता. पहिल्यांदाच त्या आपला नकाशा वाचायचा प्रयत्न करत होत्या, आणि त्यांना तो वाचता येत नव्हता.

फोन अजून स्पीकरवर होता. बंद करावा असं एकदा मनात आलं. मग त्या आरशातल्या स्वतःकडे बघून म्हणाल्या, "मामा, तुमच्या चष्म्याला काही झालेलं नाही. नकाशाच आंधळा झालाय. मीच केलाय."

पार्लरमध्ये कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं रेघाताई पुढे सांगायच्या.

फोनवरून जागा सांगते म्हणाल्या, तर चावीमामा ऐकेनात. एकदा फसलो, ते म्हणाले, आता तुम्ही समोर येऊन बोट ठेवा, मगच चावी लावतो. बेकरी दोन गल्ल्या पलीकडे. नणंदेने त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवली, वरून टॉवेल गुंडाळला, आणि रेघाताई पार्लरचा एप्रन अंगावर तसाच ठेवून निघाल्या. कपाळावरून काळा ओघळ निघाला होता तो पुसला, तर बाही काळी झाली. वाटेत दोन ओळखीचे भेटले. एकाने नमस्कार केला, दुसऱ्याने माणुसकी दाखवून दुसरीकडे पाहिलं.

बेकरीच्या पायरीखालून पाणी खळाळत होतं. बेकरीवाला पिठाची पोती मांडणीवर चढवत होता. चावीमामा चावीवर हात टेकून उभे होते. त्यांनी रेघाताईंच्या टॉवेलकडे पाहिलं आणि बाजूला सरकून वाट दिली. रेघाताईंनी पावलं मोजली आणि लोखंडी झाकणावर बोट ठेवलं. नोकरीच्या एकतीस वर्षांत खराखुरा व्हॉल्व्ह बघायची त्यांची ही दुसरी वेळ. चावीमामांनी चावी लावली. बावीस फेरे मोजले. पाण्याचा आवाज हळूहळू खाली गेला. मग ते पलीकडे जाऊन अठ्ठ्याऐंशी उघडून आले.

पार्लरच्या नळाला पाणी यायला आणखी पंधरा मिनिटं लागली. पस्तीस मिनिटांत धुवायचा रंग सव्वा तासाने धुतला. केस कोळशासारखे झाले, आणि कपाळाच्या वरच्या कडेला कानापासून कानापर्यंत एक ठसठशीत काळा पट्टा उमटला. नणंदेने क्रीम लावून घासलं, लिंबू लावून घासलं. पट्टा बधला नाही. कुठल्याच कागदावर कधी इतकी पक्की बसली नव्हती अशी रेघ, एवढं त्या आरशात बघून म्हणाल्या आणि तशाच कार्यालयात गेल्या.

इंजिनिअर मॅडम खोलीत होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या कानाला फोन नव्हता. रेघाताईंनी झाला प्रकार सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट चार वाक्यांत सांगितली. मॅडमनी नकाशा उघडला, मोठा केला. दुसरा उघडला. तिसरा. एकाही नकाशातला एकही नंबर खात्रीने वाचता येत नव्हता.

"उद्याचा कार्यक्रम पुढे ढकलते," मॅडम म्हणाल्या. "आणि हे फक्त तुमच्या माथी मारत नाही. तपासायचं काम माझं होतं. मीही लांबूनच पाहिला. सुंदर दिसला."

रेघाताईंची मान खाली गेली. ओरडा खाल्ला असता तर निदान मनातल्या मनात उलट बोलता आलं असतं.

मग दोघी स्कॅनरपाशी गेल्या. मॅडमनी तोच नकाशा यंत्रात घातला, रंग काढून टाकला, राखाडीही काढून टाकला. फक्त काळं आणि पांढरं. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र जमिनीवर काळ्या कुळकुळीत रेघा उमटल्या. शहाऐंशी नंबर मोठा केला. सहाची शेपूट सुटी, टोकदार. स्टेन्सिल उचलताना शाईचा जो बारीक थेंब राहतो, तोसुद्धा दिसत होता. फाइल तीनशे ऐंशी केबीची. दोन एमबीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी.

"मग ते साठ एमबी कसले होते?" रेघाताईंनी विचारलं.

मॅडमनी जुनी रंगीत फाइल शेजारी उघडून दाखवली. साठ एमबी कागदाच्या पिवळेपणाचे होते, घड्यांचे होते, बावीस वर्षांपूर्वी सांडलेल्या चहाचे होते. वरच्या कोपऱ्यात कधीकाळी कागदाखाली सापडून मेलेला एक डास होता. यंत्राला रेघ काय आणि डाग काय, सारखेच. सगळं मिळून लहान कर म्हटल्यावर त्याने पसरट, मऊ गोष्टी राखल्या आणि बारीक, टोकदार गोष्टी चुरगाळल्या. बारीक आणि टोकदार म्हणजे रेघाताईंचं काम. लहान केलेल्या फाइलमध्येही डास ओळखू येत होता.

"म्हणजे माझ्या दोनशे बारा नकाशांत सगळ्यात नीट जपलेली वस्तू म्हणजे हा," रेघाताई म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. घरी मास्तरांनी दार उघडलं, कपाळावरचा पट्टा पाहिला आणि म्हणाले, "झेरॉक्स?" रेघाताई हो म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी दही भरपूर वाढलं.

दोनशे बारा नकाशे पुन्हा स्कॅन करायचे ठरले. या खेपेला रेघाताईंनीच अट घातली की तपासणी मी करणार नाही. मला पाठ आहेत, मी कोऱ्या कागदावरही ते नंबर वाचून दाखवीन. नंबर पाठ नसलेला माणूस द्या. चावीमामांना रोज दुपारी दोन तास मोकळे करण्यात आलं. ते मोबाइलवर नकाशा मोठा करून एकेक नंबर मोठ्याने वाचायचे, रेघाताई जुन्या यादीवर खूण करायच्या. चावीमामा शाळेत धडा वाचावा तसे एका सुरात वाचायचे आणि मध्येच चहा प्यायचे. कप नकाशापासून लांब ठेवायचा, एवढा एकच नियम होता. कपाळावरचा पट्टा पुसट होईपर्यंत नव्वद नकाशे झाले.

मग चावीमामांच्या जुन्या भागातला एक नकाशा आला. ते वाचता वाचता थांबले. पुढे वाचू लागले. दोन नंबरांनंतर पुन्हा थांबले.

रेघाताईंनी विचारलं की नंबर पुसट आहे का?

"नाही, नंबर बरोबर आहे."

"मग?"

चावीमामांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "नंबर बरोबर आहे, ताई. व्हॉल्व्ह तिथे नाही."

तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता. पहिल्यापासून. असा तो एकच नव्हता. त्यांच्या जुन्या भागात असे अकरा होते. रेघाताईंना वाटलं, हा माणूस थट्टा करतोय, पण चावीमामांचा तो स्वभाव नव्हता. वीस वर्षं तुम्ही मला फोन करून विचारत होतात, त्या म्हणाल्या, त्या अकरांबद्दलही विचारलं असेल. मग एकदाही का नाही सांगितलंत?

चावीमामांनी मान खाजवली. "तुम्ही इतक्या खात्रीने सांगायचात. मी हो म्हणायचो आणि जिथे आहे तिथे जायचो."

रेघाताईंनी त्या भागाची जुनी मोजणीची कागदपत्रं काढली. चूक त्यांची नव्हती. जागेवरून मोजमाप लिहून आणणाऱ्याने डाव्याचं उजवं केलं होतं, आणि तो माणूस कधीच निवृत्त होऊन गेला होता. ते कागद मॅडमपुढे ठेवले असते तर त्या सुटल्या असत्या. ठेवायला म्हणून त्या उठल्याही. मग वाटेत त्यांच्या मनात आलं की त्या भागात बस जाते. एकतीस वर्षं जात होती. एकदा तिकीट काढून आपण गेलो असतो तर? त्यांनी कागद मॅडमना दिले, पण सोबत रोज अर्धा दिवस बाहेर जायची परवानगीही मागितली.

उद्घाटन दोन महिन्यांनी झालं आणि सहा मिनिटांत आटोपलं. प्रमुखांना पुढच्या बैठकीला जायचं होतं, फोटोत रेघाताईंचा अर्धा खांदा आला. नकाशे मात्र त्याच आठवड्यापासून पुन्हा वापरात आले आणि गल्ली चुकल्याची तक्रार त्यांच्या निवृत्तीपर्यंत एकही आली नाही. मॅडमनी प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात 'जागेवर तपासणारे' अशी एक चौकट वाढवली.

त्या आधीच्या दिवसांत रेघाताई आणि चावीमामा अकरा ठिकाणी जाऊन आले. रेघाताईंनी त्यासाठी बुटांचा जोड घेतला आणि पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणला. चावीमामा मोजायची फीत धरायचे, त्या लिहायच्या. दहा झाकणं सापडली. अकरावं काही केल्या दिसेना. चावीमामा म्हणत होते इथेच, आणि इथे तर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार बाहेर लाकडी बाकावर बसून एका चाकाच्या तारा आवळत होता. त्याने या दोघांना फूटपाथवर वाकून वाकून बघताना पाहिलं आणि काही हरवलंय का, असं विचारलं.

"व्हॉल्व्ह," चावीमामा म्हणाले. "या ताई नकाशे काढतात."

दुकानदाराने रेघाताईंना नीट न्याहाळलं. मग नकाशात बघा की, तो म्हणाला.

"नकाशात तो समोरच्या फूटपाथवर आहे," रेघाताई म्हणाल्या. "मीच ठेवलाय तिकडे. पंचवीस वर्षं झाली."

दुकानदाराला ते कळलं नाही, पण त्याने चाक बाजूला ठेवलं आणि उठला. बाक जड होता, पायांत चिखल घट्ट बसला होता. तिघांनी मिळून तो हातभर सरकवला. खाली मातीत झाकणाची गोल कड दिसली. चावीमामांनी पायाने माती उकरली, चावीचं टोक घालून झाकण उचललं आणि आत डोकावून बघायला रेघाताईंना जागा करून दिली. आत अंधार होता, थोडं पाणी होतं आणि गंजलेला व्हॉल्व्ह होता. रस्त्याच्या कडेपासून एक मीटर पंच्याऐंशी. रेघाताईंनी फीत पुन्हा धरायला सांगितली, आकडा पुन्हा वाचला, वहीतला आकडा चावीमामांकडून वाचून घेतला आणि मग खाली तारीख घातली.